क्रियापदांची खतावणी : विल्यम केरी

मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात नांदत होत्या. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेकाठच्या कित्येक गावांत अजूनही घरात मराठी आणि बाजारात तेलुगू चालते. या तिन्ही भाषांची व्याकरणे एकाच गृहस्थाने इंग्रजीत लिहून छापली. गंमत अशी की, त्याचे बरेचसे आयुष्य इकडून शेकडो कोस दूर, बंगालात गेले आणि त्याचा मूळ धंदा होता जोडे शिवण्याचा. त्याचे नाव विल्यम केरी.

केरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील आधी विणकर, मग गावच्या शाळेचे मास्तर. घरची स्थिती बेताचीच असल्यामुळे मुलाला जोडे करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवले. तेथे धन्याच्या एका पुस्तकात त्याला ग्रीक अक्षरे दिसली. ती त्याने जशीच्या तशी उतरून घेतली आणि गावातील एका शिकलेल्या विणकराकडून त्यांचा अर्थ समजून घेतला. तेव्हापासून त्याला भाषांचा नाद लागला. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच आणि इटालियन या भाषा त्याने बहुतेक स्वतःच्या बळावर, पोटाचा उद्योग सांभाळून आत्मसात केल्या.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यातील इटालियन फार जवळची वाटेल, कारण तिची क्रियापदे खतावणीसारखी खात्यांत विभागलेली असतात. 'आरे', 'एरे' आणि 'इरे' या शेवटच्या अक्षरांवरून तीन खाती. 'पार्लारे' म्हणजे बोलणे. मी 'पार्लो', तू 'पार्ली', तो 'पार्ला', आम्ही 'पार्लिआमो', तुम्ही 'पार्लाते', ते 'पार्लानो'. एक खाते पाठ झाले की त्यातील शेकडो क्रियापदे हाती येतात, आणि ज्याने लॅटिनची खाती आधी घोकली आहेत त्याला हे काम निम्मेच उरते. काही हट्टी क्रियापदे मात्र कोणत्याच खात्यात बसत नाहीत. 'आंदारे' म्हणजे जाणे, पण मी जातो म्हणायला 'वादो'. हसण्याचे कारण नाही. आपणही 'जा' वरून 'गेला' म्हणतोच की!

११ नोव्हेंबर १७९३ रोजी केरी धर्मप्रचारासाठी बंगालात उतरला. आधी काही वर्षे निळीच्या कारखान्यावर काढली आणि १८०० साली तो डेन लोकांच्या ताब्यातील श्रीरामपुरास गेला. तेथे छापखाना उभा राहिला. १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली शिकवू लागला, मग संस्कृत आणि मराठीही. पगार दरमहा ५००, पुढे १००० रुपये. त्यातला बहुतेक मिशनच्या सामाईक तिजोरीत जाई.

मराठी व्याकरण १८०५ साली निघाले. लॅटिन किंवा इटालियनच्या मापाने आपल्या क्रियापदाकडे पाहणाऱ्याची किती तारांबळ होत असेल! इटालियन पुरुष आणि स्त्री दोघेही 'पार्लो' म्हणतात. मराठीत तो 'बोलतो' आणि ती 'बोलते'. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' येथे तर क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. तेलुगूचा हिशेब आणखी निराळा : तो 'चेस्ताडु', पण स्त्री आणि निर्जीव वस्तू या दोघींना एकच 'चेस्तुंदि'. कन्नडमध्ये 'माडुत्ताने', 'माडुत्ताळे', 'माडुत्तदे' अशी तीन वेगळी. हे सारे पंडितांच्या मदतीवाचून जमणारे नव्हते. मराठीसाठी वैजनाथ शर्मा हे पंडित त्याच्यासोबत होते. त्यांचे नाव केरीइतके घेतले जात नाही, हे मला तरी खटकते.

या जमाखर्चाला दुसरी बाजूही आहे. पहिली पत्नी डोरोथी हिला लिहितावाचता येत नव्हते आणि तिची इकडे यायची इच्छाही नव्हती. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर वारला, त्यानंतर तिच्या मनाचा तोल गेला आणि १८०७ मध्ये मरेपर्यंत तो सावरला नाही. केरीची व्याकरणे बऱ्याच अंशी याच वर्षांत, याच घरात आकाराला येत होती. त्याच्या चरित्रात हे एका ओळीत उरकणे मला योग्य वाटत नाही.

११ मार्च १८१२ च्या रात्री श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. केरी त्या वेळी कलकत्त्यात होता. तेलुगू व्याकरणाचे सारे हस्तलिखित, पंजाबीचा बराच भाग, कन्नड भाषांतर आणि अनेक भाषांच्या एकत्रित कोशाची सारी टिपणे जळून गेली. सुदैवाने अक्षरांचे पोलादी ठसे राखेत शाबूत सापडले, म्हणून टाइप पुन्हा ओतता आले. पण लिहिलेले परत कोण आणून देणार? पन्नाशी ओलांडलेल्या केरीने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. पंजाबी व्याकरण त्याच वर्षी, तेलुगू १८१४ साली आणि कन्नड १८१७ साली बाहेर पडले. त्याचा तो कोश मात्र कधीच झाला नाही.

पुढे दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली आले आणि केरीचे मागे पडले. ते योग्यच झाले. केरीने साहेबांसाठी लिहिले होते, दादोबांनी आपल्यासाठी.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरात केरीचा अंत झाला. एकेचाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी गेला नव्हता. मृत्युपत्रात त्याने आपला बराचसा ग्रंथसंग्रह विकून एका मुलासाठी पैसे उभे करावेत असे लिहिले होते. मात्र काही पुस्तके त्याने वगळून आपण उभारलेल्या श्रीरामपूर कॉलेजला दिली. त्यांत त्याची सारी इटालियन पुस्तके होती.