कसबी गोलंदाज पाळवणकर बाळू

मंद्रूपच्या मैदानावर खेळणारे आमचे पुष्कळ विद्यार्थी, चेंडू जोरानें फेकला म्हणजे गोलंदाजी साधली, असें समजतात. त्यांच्यासाठीं आम्ही हें चरित्र लिहीत आहों.

पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें एका चर्मकार कुटुंबांत झाला. वडील लष्कराच्या नोकरींत असल्यामुळें बाळपण पुण्यास गेलें. शाळा लवकर सुटली. प्रथम ते पारशी लोकांच्या क्लबांत दरमहा तीन रुपयांवर लागले. पुढें यूरोपियनांच्या पूना जिमखान्यांत चार रुपये मिळूं लागले. खेळपट्टी झाडावी, लाटावी, जाळीं बांधावीं व साहेबांच्या सरावासाठीं चेंडू टाकावे, हें त्यांचें काम. ग्रेग नांवाचे नामांकित फलंदाज इतरांच्या आधीं येऊन त्यांच्या चेंडूंवर तास तास सराव करीत, आणि बाळूंनीं बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देत, असें सांगतात. फलंदाजी करण्याची संधि मात्र बाळूंस कधीं मिळाली नाहीं.

या सरावांतच त्यांचा कसब तयार झाला. ते डाव्या हातानें मंद चेंडू टाकीत. हाताची फेक एकच दिसे. पण चेंडू कधीं आंत वळे, कधीं बाहेर. मध्येंच तो उंच सोडीत, मध्येंच वेग वाढवीत. टप्पा मात्र ढळत नसे. फलंदाज मोठ्या विश्वासानें पुढें येई, तोंच चेंडू अंमळ अलीकडे पडलेला असे.

यूरोपियनांस जिंकावयाचें म्हणून पुण्याच्या हिंदु संघानें बाळूंस घेतलें. पण चहा बाहेर, मातीच्या भांड्यांत, व जेवण निराळें. त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले, पेला चालत नसे! हा हिशेब आम्हांस कधींच उलगडला नाहीं.

प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस आले. तेथें हा भेद पुष्कळ कमी झाला. १९०६ सालीं हिंदु संघानें यूरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें. त्या विजयांत बाळू व बंधु शिवराम यांचा मोठा वांटा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडास गेला. संघ बहुतेक सामने हरला. परंतु हात दुखत असतांहि बाळूंनीं त्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक गडी बाद केले.

इतकें झालें तरी हिंदु संघाचें नायकपद त्यांस मिळेना. अनुभव, वय, कौशल्य, सर्वांत ते वरचढ. अडचण जातीची होती. १९२० सालीं तर त्यांस संघांतूनच वगळलें, तेव्हां शिवराम व विठ्ठल हे बंधूहि बाहेर पडले. लोकमत खवळल्यावर तिघांस परत बोलावून बाळूंस उपनायक केलें. आणि नायक पै मैदान सोडून गेले असतां कांहीं वेळ संघ बाळूंच्या हातीं आला. तेवढेंच त्यांचें नायकपद. १९२३ सालीं विठ्ठल नायक झाले व हिंदु संघ विजयी झाला.

उत्तरवयांत बाळू राजकारणांत उतरले. ज्या आंबेडकरांस तरुणपणीं बाळूंचा मोठा अभिमान वाटे, त्यांच्याच विरुद्ध १९३७ सालीं ते काँग्रेसतर्फे उभे राहिले व सुमारें दोन हजार मतांनीं पडले. १९५५ सालीं मुंबईस त्यांचें निधन झालें.