सरखेल कान्होजी आंग्रे आणि खलाशांची विद्या

भाट्याच्या पुळणीवरून उत्तरेकडे दृष्टि टाकिली असतां काजळी नदीच्या मुखापलीकडे रत्नदुर्गाची टेकडी समुद्रांत शिरलेली दिसते. हा किल्ला एके काळीं ज्यांच्या सत्तेखालीं होता, त्या सरखेल कान्होजी आंग्रे यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मनन करण्याजोगें आहे.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारांत सुवर्णदुर्गावर चाकरीस होते. पराक्रमाच्या बळावर कान्होजी चढत गेले व १६९८ च्या सुमारास मराठी आरमाराचे सरखेल झाले. पुढें छत्रपति शाहू व ताराबाई यांच्या कलहांत ते प्रथम ताराबाईंच्या पक्षास होते; परंतु बाळाजी विश्वनाथ यांनीं लोणावळ्याच्या परिसरांत त्यांची भेट घेऊन त्यांस शाहूंकडे वळविलें.

त्या काळीं आपल्या किनाऱ्यावर नाविक विद्येची निराळी शाळा नव्हती. गलबत हीच शाळा व अनुभवी तांडेल हाच गुरु. कोळी, भंडारी, खारवी इत्यादि दर्यावर्दी समाजांतील मुलें शिडें फिरविणें, सुकाणूं धरणें, पाण्याचा ठाव घेणें हें सर्व कामांतूनच शिकत. कान्होजींच्या युद्धाचा सारा भर या शिकलेल्या हातांवर होता. वारा पडला म्हणजे वल्हीं मारणारीं गलबतें मोठ्या गुराबांना ओढून नेत. मग शत्रूच्या जहाजाची पिछाडी गांठून तोफांनीं त्याचीं शिडें व डोलकाठ्या मोडीत, आणि तें पंगु झालें म्हणजे सैनिक त्यावर चढत. विजयदुर्गावर १७१७ सालीं व खांदेरीवर १७१८ सालीं इंग्रजांनीं केलेले हल्ले निष्फळ ठरले. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर केलेली स्वारीहि फसली.

तथापि या सामर्थ्यांत एक उणीव होती. तोफांच्या कामीं युरोपीय गोलंदाजांचें साह्य घ्यावें लागे; आणि आपल्या लोकांची जी विद्या होती, ती केवळ हातून हातीं चालत आलेली होती. ४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी निवर्तले. पुत्रांत कलह माजला. अखेर फेब्रुवारी १७५६ मध्यें, पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेंत, तुळाजी आंग्रे यांचें आरमार विजयदुर्गाच्या बंदरांत जळालें. जहाजांबरोबर तीं चालविण्याची विद्या शिकण्याची जागाहि गेली.

ही उणीव भरून निघण्यास पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्या लोणावळ्याच्या परिसरांत कान्होजींनीं शाहूंची बाजू पत्करली, तेथेंच १५ फेब्रुवारी १९४५ रोजीं ‘शिवाजी’ ही नौदलाची यंत्रविद्येची शाळा सुरू झाली. नौदलाच्या रिवाजाप्रमाणें जमिनीवरील ही संस्थाहि जहाजासारखें नांव धारण करिते. तेथें अधिकाऱ्यांप्रमाणेंच साध्या नाविकांसहि एंजिनें चालविण्याचें व दुरुस्त करण्याचें शास्त्रशुद्ध शिक्षण मिळतें. जामनगरची ‘वलसुरा’ ही शाळा विजेच्या यंत्रांचें शिक्षण देते. मुंबईंतील नौदलाच्या तळास १९५१ सालीं ‘आंग्रे’ हें नांव देण्यांत आलें.

सरखेलांची कीर्ति आपण गातों. परंतु ती ज्यांच्या हातांनीं मिळाली, त्या खलाशांचीं नांवें इतिहासानें टिपून ठेविलीं नाहींत. सेनापति थोर असला तरी जहाज चालतें तें शिकलेल्या हातांवर. त्या हातांस शाळा मिळणें, हेंच कान्होजींचें खरें स्मारक होय.