अवयव पाडणारा थॉमस हॅरियट

क² − ५क + ६ = ० हे समीकरण सोडवताना गुणाकार ६ आणि बेरीज ५ येईल अशा दोन संख्या आपण शोधतो. त्या २ आणि ३. मग (क − २)(क − ३) = ०. गुणाकार शून्य, म्हणजे एक कंस तरी शून्य असणारच; म्हणून क = २ किंवा ३. ही मांडणी पद्धतशीरपणे करणाऱ्या इंग्लंडच्या थॉमस हॅरियटचे नाव मात्र वर्गात क्वचितच निघते.

हॅरियटचा जन्म १५६० च्या सुमारास ऑक्सफर्डला झाला. वॉल्टर रॅलीच्या पदरी असताना १५८५ मध्ये तो अमेरिकेतल्या रोअनोक बेटावर गेला. तिथल्या लोकांची भाषा तो शिकलाच, शिवाय तिच्यासाठी त्याने स्वतंत्र लिपीही बनवली. १५८८ च्या अहवालात त्याने तंबाखूचा धूर प्रकृतीला हितकारक असल्याचे लिहिले. तो स्वतःही पाइप ओढत असे.

पुढे नॉर्थम्बरलँडच्या अर्लने त्याला आश्रय दिला आणि बीजगणिताला निवांतपणा मिळाला. त्याची युक्ती उलट्या बाजूने चालते. तो आधी कंसांचा गुणाकार करी आणि कोणते पद कुठून आले ते पाही. (क − २)(क − ३) गुणून पाहा: मधल्या पदात २ आणि ३ ची बेरीज दिसते, शेवटच्या पदात गुणाकार. तीन कंस घेतले की घन समीकरण, चार घेतले की चौथ्या घाताचे. मधल्या पदाची फोड नुसती पाठ करण्यापेक्षा हे एकदा करून बघणे बरे. १६०९ च्या जुलैत, गॅलिलिओच्याही आधी, त्याने दुर्बिणीतून चंद्राचे चित्र काढले.

यातले काहीच त्याने छापले नाही. त्याचे दोन्ही आश्रयदाते लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडले. १६०५ च्या कटानंतर त्यालाही काही काळ तुरुंगवास घडला. १६१५ मध्ये डॉक्टर मायेर्न यांनी त्याच्या नाकातला व्रण तपासला. तो कर्करोग होता. तंबाखूच्या धुराने नाकाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे आज ठाऊक आहे; त्याच्या बाबतीत कारण तेच होते असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही. २ जुलै १६२१ रोजी तो लंडनमध्ये वारला.

त्याच्या कागदांतून बीजगणिताचे पुस्तक निघाले ते १६३१ मध्ये. संपादकांनी त्यात ऋण उत्तरे गाळली. हॅरियटच्या हस्तलिखितांत ती होती.