बरगडीत राहिलेली गोळी

अमेरिकेचे सव्विसावे अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांच्या चरित्रात धाडसाच्या कथांना तोटा नाही. लहानपणी दम्याने बेजार असलेल्या या न्यूयॉर्ककराने १८९८ मध्ये क्युबात स्वयंसेवक घोडदळाचे नेतृत्व केले, तर १९०६ मध्ये रशिया-जपान युद्ध मिटविल्याबद्दल त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्यांची नोंद आहे ती छातीत रुतलेल्या एका गोळीमुळे.

नव्या पक्षातर्फे पुन्हा अध्यक्षपदाची निवडणूक लढविताना, १४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकी शहरात जॉन श्रँक या माथेफिरूने त्यांच्यावर गोळी झाडली. खिशात घडी घातलेले पन्नास पानी भाषण आणि चष्म्याचे पोलादी घर होते. ते भेदताना गोळीचा जोर ओसरला. रुझवेल्ट तळहातावर खोकले. रक्त दिसले नाही. फुप्फुस शाबूत असल्याचे त्यांनी ताडले आणि रुग्णालयाऐवजी थेट सभागृह गाठून रक्ताळलेल्या सदऱ्यानिशी सुमारे दीड तास भाषण केले. हा हट्ट की शहाणपणा, यावर वाद घालता येईल.

खरा निर्णय नंतरचा. क्ष-किरण चित्रात गोळी उजव्या बरगडीपाशी अडकलेली दिसली आणि शिकागोच्या डॉक्टरांनी ती तिथेच राहू दिली. यामागे दोन अध्यक्षांचे मृत्यू होते. १८८१ मध्ये गारफिल्ड यांच्या जखमेत डॉक्टरांनी अस्वच्छ बोटे आणि सळया घालून गोळी शोधली. टेलिफोनचे जनक बेल यांनी खास यंत्र आणले, तेही व्यर्थ गेले. अडीच महिन्यांनी गारफिल्ड गेले, ते प्रामुख्याने जंतुसंसर्गाने. १९०१ मध्ये मॅकिन्ली यांच्या पोटातील गोळी शस्त्रक्रियेत सापडली नाही. जवळच्या प्रदर्शनात क्ष-किरण यंत्र असूनही ते वापरले गेले नाही. त्यांच्याच मृत्यूने रुझवेल्ट अध्यक्ष झाले होते.

स्नायूंत स्थिरावलेल्या धातूभोवती शरीर सहसा तंतूंचे आवरण विणते. सांध्यात मात्र शिसे विरघळून विषबाधा होऊ शकते. अमेरिकेत २०१५ पासून लागू असलेल्या आजारांच्या सांकेतिक सूचीत शरीरात राहिलेल्या धातुकणांसाठी झेड १८.१ हा गट आहे. धातू चुंबकीय असल्यास शेवटी ११, नसल्यास १२, माहीत नसल्यास १० असे अंक येतात. हा भेद कारकुनी वाटला तरी एमआरआयच्या प्रबळ चुंबकाजवळ लोहकण सरकला, तर प्राणावर बेतू शकते. अमेरिकी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर असे संकेतांक घालण्याचे काम आज भारतातील कार्यालयांतही चालते.

रुझवेल्ट निवडणूक हरले, विल्सन जिंकले. गोळीचा त्यांनी बाऊ केला नाही. १९१४ मध्ये ब्राझीलच्या अरण्यात, एका अज्ञात नदीच्या शोधमोहिमेत, पायाची जखम चिघळून आणि तापाने ते मरणाच्या दारात पोहोचले होते. ६ जानेवारी १९१९ रोजी साठाव्या वर्षी झोपेतच त्यांचा मृत्यू झाला. गोळी तेव्हाही बरगडीपाशीच होती.