संत बर्थलमय : शुभवर्तमान ठेवून गेलेला प्रेषित



दर वर्षी 24 ऑगस्टला ख्रिस्तसभा प्रेषित संत बर्थलमय ह्याचा सण साजरा करते. आपल्याकडे ते दिवस हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेच्या तयारीचे असतात. त्या धावपळीत हा सण येतो आणि निघून जातो. पेत्र, पौल व योहान ह्यांची पत्रे आपण मिस्सेत ऐकतो. बर्थलमयाचे एकही पत्र किंवा प्रवचन आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. तरीही आपल्या महाराष्ट्राशी ज्याचे नाव जोडले जाते, असा हा बारा जणांपैकी एक आहे. त्याची ओळख आपल्याला असायला हवी.

बर्थलमय म्हणजे तल्मयाचा मुलगा. वडिलांवरून पडलेले हे नाव. मत्तय, मार्क व लूक ह्यांच्या शुभवर्तमानांत ते फिलिपच्या जोडीला येते. योहानाच्या शुभवर्तमानात बर्थलमय हे नाव नाही; तेथे फिलिपचा सोबती नथनेल आहे, गालीलातील काना गावचा. हे दोघे एकच, असे परंपरेने मानले जाते. म्हणून सणाच्या मिस्सेत नथनेलचाच प्रसंग वाचला जातो.

फिलिपने त्याला सांगितले की, मोशेने व संदेष्ट्यांनी ज्याच्याविषयी लिहिले तो आम्हाला सापडला आहे, आणि तो नाझरेथचा येशू आहे. नथनेलला हे पटले नाही. नाझरेथसारख्या खेड्यातून काय चांगले निघणार, असे तो बोलून गेला. फिलिपने वाद घातला नाही. येऊन स्वतःच पाहा, एवढेच म्हटले. नथनेल गेला. त्याला येताना पाहून प्रभू येशूने सर्वांसमोर त्याच्या निष्कपट मनाचे कौतुक केले आणि फिलिपने बोलावण्याआधी अंजिराच्या झाडाखाली आपण त्याला पाहिले होते, असे सांगितले. तेव्हा ह्याच मनुष्याने येशू हा देवाचा पुत्र व इस्राएलचा राजा आहे, असे कबूल केले. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी प्रभूने शिष्यांना भाकर व मासळी दिली, तेव्हाही तो तेथे होता.

बर्थलमयाची शिकवण शोधायची ती ह्या एवढ्याशा प्रसंगात. देव लहान गावातून येतो, हे त्याला आधी आपला पूर्वग्रह बाजूला ठेवूनच शिकावे लागले. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून काय चांगले येणार, हा सवाल आपल्या वाडवडिलांनीही ऐकलेला आहे. म्हणून हे शुभवर्तमान आपल्याला जवळचे वाटते. दुसरे असे की, श्रद्धा वादविवादाने जन्मली नाही, भेटीने जन्मली. आणि ती भेट घडली, कारण शंका असूनही त्या मनात कपट नव्हते.

पवित्र आत्मा उतरल्यानंतर प्रेषित दूरदूर गेले. बर्थलमयाविषयी चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस ह्याने एक मोलाची नोंद केली आहे. दुसऱ्या शतकाच्या शेवटी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील पंतेनस नावाचा विद्वान इंडियात गेला. तेथे ख्रिस्ताला ओळखणारे लोक त्याला भेटले. त्यांच्याजवळ हिब्रू लिपीतील मत्तयाचे शुभवर्तमान होते आणि ते बर्थलमयाने त्यांना देऊन ठेवले होते.

त्या काळी अरबस्तान व इथिओपियाकडील भागालाही इंडिया म्हणत, त्यामुळे अभ्यासकांत मतभेद आहेत. फादर पेरुमालील आणि जॉर्ज मोरायस ह्या इतिहासकारांनी मात्र तो प्रदेश कल्याणच्या आसपासचा कोकण असल्याचे मत मांडले. इजिप्तची गलबते पावसाळी वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्याला येत असत, हे निश्चित आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. आपल्या प्रवरेचे पाणी पुढे गोदावरीतून ज्या पैठणला जाते, त्या पैठणहून गाड्यांनी माल भडोचला जात असे, हेही त्यात लिहिले आहे. सहाव्या शतकात कॉस्मस ह्या व्यापाऱ्याने कल्याण येथे ख्रिस्ती लोक व त्यांचे महागुरू असल्याचे नोंदवले.

परंपरा सांगते की, आर्मेनियात जिवंतपणी कातडी सोलून बर्थलमयाचा वध करण्यात आला. आर्मेनियाची ख्रिस्तसभा त्याला आणि संत थदैय ह्याला आपले संस्थापक मानते. मायकलअँजेलोने 1541 साली पूर्ण केलेल्या अंतिम न्यायाच्या चित्रात तो स्वतःचीच कातडी हाती धरून बसलेला दिसतो. रोममध्ये टायबर नदीच्या बेटावर त्याच्या नावाचे मंदिर आहे. तेथे आता विसाव्या व एकविसाव्या शतकांतील रक्तसाक्षींचे स्मरण केले जाते. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी ऑक्टोबर 2006 मध्ये ह्या प्रेषितावर प्रबोधन केले. डोळे दिपवणारी कामे न करताही येशूशी एकनिष्ठ राहता येते, हा बोध त्यांनी त्याच्या जीवनातून दिला.

बंधू-भगिनींनो, पंतेनसला बर्थलमय भेटला नाही; भेटले ते त्याने ठेवलेले शुभवर्तमान आणि ते जपणारी माणसे. आपल्या नगर जिल्ह्यातही श्रद्धा अशीच रुजली. 19 व्या शतकाच्या अखेरीपासून आलेल्या जेज्विट फादरांची नावे पुस्तकांत आहेत. पण त्यांच्याबरोबर पायी वा सायकलवर वाड्यावस्त्यांवर फिरून, कंदिलाच्या उजेडात प्रार्थना व अक्षरे शिकवणाऱ्या किती मास्तरांची नावे आपण लिहून ठेवली? ज्यांनी ते मास्तर पाहिले, ती माणसे आता थकली आहेत. त्यांच्याबरोबर ती नावेही जातील.

म्हणून दोन गोष्टी करू या. घरातील आजी-आजोबांना विचारून, आपल्या कुटुंबात श्रद्धा कोणी आणली, त्याचे नाव व गाव लिहून ठेवू या. आणि वेदीवर कापडात गुंडाळून ठेवलेले बायबल रोज संध्याकाळी मुलांच्या हाती देऊ या. त्यांना शंका आल्या तर रागावू नये. नथनेललाही शंका आली होती. फिलिपसारखे त्यांना प्रभूजवळ घेऊन जावे, पुढचे काम प्रभू करतो.

प्रेषित संत बर्थलमया, आमच्यासाठी विनंती कर.