चोर, पोलीस आणि तोतो

इटालियन सिनेमा म्हटलं की आपल्याला आठवतो 'बायसिकल थीव्ज' आणि घशातला आवंढा! पण मित्रांनो, युद्धानंतरच्या त्याच भुकेवर अख्ख्या देशाला हसवणारा एक अवलिया तिथे होता. अंतोनियो दे कुर्तिस, ऊर्फ तोतो.

जन्म १८९८ चा, नेपल्सच्या सानिता या गरीब वस्तीतला. आई अविवाहित. वडील सरदार घराण्यातले, पण पोराला स्वतःचं नाव द्यायला त्यांनी कित्येक वर्षं लावली. हा सल तोतोच्या मनातून कधी गेलाच नाही. १९३३ मध्ये त्याने एका वृद्ध सरदाराकडून स्वतःला दत्तक घ्यायला लावलं, पुढे कोर्टात जाऊन राजघराण्याच्या पदव्याही मिळवल्या. आणि पडद्यावर? तिथे हा प्रिन्स कायम फाटका, उपाशी आणि उचल्या!

१९५१ चा 'पोलीस आणि चोर' (दिग्दर्शक स्टेनो आणि मोनिचेल्ली) जमलं तर बघाच. तोतो एका अमेरिकन पर्यटकाला नकली पुरातन नाणं विकतो. त्याला पकडायला धावतो जाडजूड हवालदार आल्दो फाब्रित्सी. दोघांचीही धाप लागते, आणि चोर निसटतो. आता चोर सापडला नाही तर हवालदाराची नोकरी जाणार. म्हणून तो चोराच्या घरच्यांशी ओळख वाढवतो आणि बघतो तर काय, आपल्या घरासारखीच ओढाताण इथेही! शेवटी त्याला अटक करायचा धीर होत नाही. मग चोरच त्याला जेलकडे ओढत नेतो. इथे हसावं की रडावं, कळत नाही राव. एरवी तोतोला बघून नाकं मुरडणाऱ्या समीक्षकांनाही या भूमिकेसाठी त्याला बक्षीस द्यावं लागलं.

१९५७ मध्ये नाटकाच्या दौऱ्यावर असताना त्याची दृष्टी जवळजवळ गेली. तरी गडी थांबला नाही. पुढच्याच वर्षी मोनिचेल्लीच्या 'बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट'मध्ये तो नवशिक्या चोरांना गच्चीवर तिजोरी फोडायचं प्रॅक्टिकल शिकवतो. इतका सीरियस प्रोफेसर आपल्या कॉलेजातसुद्धा सापडणार नाही! त्या मास्तरला नीट दिसत नव्हतं, हे बघताना जाणवतही नाही.

१५ एप्रिल १९६७ ला रोममध्ये तो गेला. अंत्यविधी तीन झाले. एक रोमला, दुसरा नेपल्सला. सानिताच्या लोकांचं तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून काही दिवसांनी त्यांनी आपल्या गल्लीत तिसरा केला, रिकामी शवपेटी ठेवून.