ज्यांना कचरा समजलं जायचं, त्या प्लेटलेट्सचं काम बिझोझेरोंनी जगाला दाखवलं

डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट्स हा शब्द घरोघरी ऐकू येतो. आता तो दातांच्या दवाखान्यातही कानावर पडतो. इम्प्लांट बसवताना काही डॉक्टर पेशंटचंच थोडं रक्त काढतात, मशीनमध्ये वेगाने फिरवतात आणि त्यातला प्लेटलेट्सचा भाग जबड्याच्या हाडाजवळ ठेवतात. हेतू हा की हाड लवकर भरून यावं.

पण प्लेटलेट्स नेमकं काय करतात, हे दाखवलं कुणी?

इटलीच्या जूलिओ बिझोझेरो यांनी.

१८४६ साली वारेझे गावात त्यांचा जन्म झाला. पाव्हिया विद्यापीठातून अवघ्या २० व्या वर्षी ते डॉक्टर झाले. १८६८ मध्ये त्यांनी दाखवलं की रक्तपेशी हाडातल्या मज्जेत तयार होतात. पुढे नोबेल मिळवणारे कामिल्लो गोल्जी याच काळात त्यांच्या प्रयोगशाळेत घडले.

मग बिझोझेरो तुरिनला प्राध्यापक म्हणून गेले. रक्तातले बारीक कण त्यांच्या आधीही काहींनी पाहिले होते. पण हा तुटलेल्या पेशींचा चुरा असावा, असं अनेकांना वाटायचं. बिझोझेरोंनी जिवंत प्राण्यांच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली धरल्या. रक्तवाहिनीला इजा झाली की हेच कण सगळ्यात आधी तिथे येऊन चिकटतात आणि रक्तस्राव थांबवायला लागतात, हे त्यांना दिसलं. १८८२ मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं.

पुढे डोळ्यांच्या आजाराने त्यांचं मायक्रोस्कोपचं काम अवघड झालं. ते खचले नाहीत, सार्वजनिक आरोग्याच्या कामाकडे वळले. १९०१ मध्ये न्यूमोनियाने ते गेले. वय फक्त ५५.

प्लेटलेट्स जखम बंद करतात, एवढं त्यांना कळलं होतं. त्या जखम भरायलाही मदत करतात, हे कळायला १९७० चं दशक उजाडलं. प्लेटलेट्समधून ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं बाहेर पडतात आणि आसपासच्या पेशींना वाढायला सांगतात, हे तेव्हा समोर आलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी जबड्यात हाडाचं रोपण करताना त्यांचा वापर केल्याचं प्रसिद्ध झालं आणि दातांच्या जगात या पद्धतीची चर्चा सुरू झाली.

मात्र ही जादू नाही. हिरड्या भरून यायला फायदा दिसतो, पण इम्प्लांटभोवतीच्या हाडाबाबत अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. म्हणून जास्तीचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा, माझ्या केसमध्ये याची खरंच गरज आहे का?